शीट प्लास्टिनेशन पहिल्यांदा करताय? रेझिनचा डबा उघडायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं

शरीराच्या एखाद्या भागाच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या, त्यातलं पाणी आणि चरबी काढायची, त्या जागी रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, शिरवायचं आणि ते कडक होऊ द्यायचं, हे झालं शीट प्लास्टिनेशन. तयार स्लाइस हातात धरता येते, वास नाही, ग्लोव्हजची गरज नाही, उजेडासमोर धरली की स्नायू, नर्व्ह, रक्तवाहिन्या, हाड सगळं जिथल्या तिथे दिसतं. प्लास्टिनेशनची पद्धत गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठात शोधली. बॉडी वर्ल्ड्स ही त्यांची प्लास्टिनेट केलेल्या शरीरांची प्रदर्शनं जगभर फिरली त्यामुळे अख्खे सिलिकॉनवाले नमुने बऱ्याच जणांनी पाहिलेले असतात, पातळ स्लाइस मात्र त्यामानाने कमी लोकांना माहीत आहे आणि मला विचाराल तर शिकवायला तीच जास्त कामाची, कारण फर्स्ट इयरचा मुलगा उद्या वॉर्डात गेला की सीटी आणि एमआरआयच बघणार आहे आणि त्या दोन्हीत शरीर चकत्यांमध्येच दिसतं.

हे सगळं मी अॅनाटॉमीत नव्याने आलेले रेसिडेंट, एमएस्सीवाले, म्युझियम सांभाळणारे टेक्निशियन यांच्यासाठी लिहितेय. पहिल्यांदा करणारा माणूस सगळं लक्ष रेझिनवर ठेवतो, कुठलं घ्यायचं, किती महाग, प्रमाण काय, आणि गोठवणं, कापणं, अॅसिटोन (पाणी आणि चरबी काढणारा द्रव) या गोष्टी उरकून टाकतो. खरं तर स्लाइस पारदर्शक होणार की पांढरट डागांची होणार हे रेझिन हातात घ्यायच्या आधीच ठरलेलं असतं आणि नंतर कितीही चांगलं रेझिन ओतलं तरी ते सुधारत नाही.

आधी रेझिन कुठलं आणि कशासाठी

तीन नावं कायम कानावर पडतील. एस-१० म्हणजे सिलिकॉन, ते अख्ख्या अवयवांसाठी, आपल्याला आज नको. ई-१२ म्हणजे इपॉक्सी, हात, पाय, छाती, पेल्विस असल्या भागांच्या पारदर्शक स्लाइससाठी. आणि पी-३५ किंवा पी-४० म्हणजे पॉलिस्टर, मुख्यतः मेंदूच्या स्लाइससाठी. ही नावं बायोडूर या जर्मन कंपनीची आहेत पण आता सगळीकडे पद्धतीचं नाव म्हणूनच वापरतात.

इपॉक्सीत टिश्यू पारदर्शक का दिसतं हे समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वाकतो आणि विखुरतो, आणि तसा तो विखुरला की वस्तू अपारदर्शक दिसते. पाणी आणि चरबी काढलेलं टिश्यू आणि कडक झालेलं इपॉक्सी यांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतात त्याचा आकडा, जवळजवळ सारखा येतो, म्हणून प्रकाश सरळ पार जातो. कुठे थोडं पाणी राहिलं, चरबी राहिली किंवा हवा राहिली की तिथे प्रकाश विखुरणार आणि डाग दिसणार. इपॉक्सी स्लाइसमधली बहुतेक बिघाडं या तीनपैकी एकातून येतात.

पहिला सराव मटणाच्या दुकानातल्या मालावर

दान केलेल्या शरीरावर पहिला प्रयोग करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. त्या माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी विश्वासाने दिलेलं आहे ते. बकऱ्याच्या किडनीवर, पायावर, भेज्यावर सराव करा. किडनी सगळ्यात सोपी, चरबी कमी, आकार छोटा, आणि कॉर्टेक्स-मेड्युला (बाहेरचा आणि आतला थर) नीट दिसतं त्यामुळे आपलं काम बरं झालं की वाईट ते लगेच कळतं. भेजा हवा असेल तर मटणवाल्याला आधीच सांगून ठेवा की मुंडी फोडू नको, अख्खी दे, नाहीतर तो सवयीने सुऱ्याने दोन भाग करून देतो आणि मग स्लाइसला काही अर्थ राहत नाही.

मानवी टिश्यूवर जाल तेव्हा कागदपत्रं आधी. महाराष्ट्रात १९४९ चा अॅनाटॉमी अॅक्ट आहे, त्यात शरीर कुठून कसं येतं आणि कुणाच्या परवानगीने वापरता येतं ते आहे, आणि कॉलेजची एथिक्स कमिटी आहेच. देहदानाच्या फॉर्ममध्ये शरीराचे भाग कायमस्वरूपी ठेवायला संमती आहे का हे विभागप्रमुखांना विचारा, कारण काही घरचे अवशेष परत मागतात. प्रत्येक स्लाइसला देहाचा रजिस्टर नंबर जोडलेला हवा. करवतीचा भुसा आणि उरलेले तुकडेही त्याच माणसाचे आहेत, ते वेगळे जमा करा आणि २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून जाऊ द्या, बेसिनमध्ये धुवून सोडू नका. मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नाही.

एचआयव्ही, हिपॅटायटिस यांची तपासणी झालेली आहे का तेही बघा. बँड सॉ, म्हणजे पट्ट्याच्या पात्याची विजेची करवत, चालते तेव्हा बारीक कण हवेत उडतात.

फिक्स करायचं की नाही

ई-१२ साठी फिक्स केलेलं, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये ठेवून टिकवलेलं, चालतं आणि ताजं गोठवलेलंही चालतं, ताज्यात रंग बरा राहतो पण संसर्गाचा धोका असतो, म्हणून नवख्याने फिक्स केलेलं घ्यावं. १० टक्के फॉर्मॅलिन ठीक. कॅडॅव्हर (मृतदेह) आधीच एम्बाम केलेला, म्हणजे टिकवायचं फ्लुइड भरलेला, असेल तर त्या फ्लुइडमध्ये ग्लिसरीन किती होतं ते विचारा, कारण ग्लिसरीन अॅसिटोनमध्ये नीट मिसळत नाही, टिश्यूत अडकून बसतं. तसं असेल तर वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवून शक्य तितकं धुऊन काढा.

रक्तवाहिन्या रंगीत हव्या असतील तर गोठवायच्या आधी लाल लॅटेक्स धमनीत भरता येतं. लॅटेक्स अॅसिटोनमध्ये टिकतं, साधा पाण्यात विरघळणारा रंग टिकत नाही, तो सगळीकडे पसरतो. पहिल्या वेळी हे सोडून दिलं तरी चालेल.

गोठवणं

गोठवलेलं शरीर कापून बघायची कल्पना प्लास्टिनेशनपेक्षा खूप जुनी. १९ व्या शतकात सेंट पीटर्सबर्गमध्ये सर्जन निकोलाय पिरोगोव्ह यांनी गोठवलेली प्रेतं करवतीने कापून अवयवांच्या जागा नोंदवल्या होत्या, तेव्हा तिथली थंडीच कामाला आली. आपल्याकडे डीप फ्रीझर लागतो आणि तोही साधा नाही.

मायनस २० ला टिश्यू कडक वाटतं पण चरबी पुरेशी कडक होत नाही, पातं तिथून गेलं की चरबी लोण्यासारखी फासली जाते आणि ती पुढे सगळ्या स्लाइसवर पसरते. मायनस ७० ते ८० वाला फ्रीझर पाहिजे. मांडी किंवा पाय असेल तर आतपर्यंत गार व्हायला वेळ लागतो, आठवडाभर ठेवा. बाहेरून दगड झालाय म्हणून दुसऱ्या दिवशी काढू नका, मधला भाग मऊ असतो आणि तिथे करवत अडकते.

भाग फ्रीझरमध्ये ठेवताना तो जसा ठेवाल तसाच कायमचा राहणार. पाय वाकडा गोठला तर सगळ्या स्लाइस तिरक्या येणार आणि सीटीशी जुळवताना डोकं धरून बसावं लागेल. म्हणून लाकडी किंवा थर्माकोलच्या खोक्यात सरळ ठेवा, बाजूने पॉलियुरेथेन फोम भरा, फोम कडक झाला की सगळा एक चौकोनी ठोकळा तयार होतो, तो करवतीच्या टेबलावर डगमगत नाही आणि कापताना कोपरा काटकोनात राहतो. फोम भरायच्या आधी भागावर प्लास्टिक गुंडाळा. ठोकळ्यावर वर-खाली, पुढे-मागे, उजवं-डावं लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

जमलं तर गोठवण्याआधी किंवा गोठलेल्या अवस्थेत त्याच भागाचा सीटी काढून ठेवा. रेडिओलॉजीवाल्यांशी बोलून एखादी रिकामी वेळ मिळते, आणि मग तीच स्लाइस आणि तोच सीटी कट शेजारी शेजारी ठेवून शिकवता येतं.

करवत

बारीक दातांची, खाटीक वापरतात तसली किंवा लॅबची बँड सॉ. तिचं पातं दर कापाला साधारण एक मिलिमीटर टिश्यू खातं, त्याचा भुसा होतो. म्हणजे ३ मिलिमीटरची स्लाइस हवी असेल तर प्रत्यक्षात ४ मिलिमीटर खर्च होतात, आणि ४० सेंटिमीटर लांब भागाच्या सुमारे १०० स्लाइस मिळतात, १३३ नाही. रिसर्चमध्ये बारीक गोष्ट शोधत असाल तर हा हरवलेला मिलिमीटर लक्षात ठेवावा लागतो. अमेरिकेच्या व्हिजिबल ह्युमन प्रोजेक्टमध्ये, ज्याचा डेटा १९९४ मध्ये आला, पुरुषाचं गोठवलेलं शरीर एक-एक मिलिमीटर घासून काढत प्रत्येक पृष्ठभागाचा फोटो घेतला, त्यात काहीच निसटलं नाही पण हातात धरायला एकही चकती उरली नाही. आपल्याला चकती हवी आहे, म्हणून भुशाचं नुकसान सोसायचं.

पहिल्यांदा ५ मिलिमीटरने सुरुवात करा, हात बसला की ३ वर या. कापायच्या आधी करवतीचं टेबल आणि गाइड ड्राय आइसने गार करून घ्या, नाहीतर पहिल्या चार स्लाइस टेबलाला चिकटतात. ठोकळा एकसारख्या वेगाने ढकला, मध्ये थांबलात तर तिथे पायरी पडते. दहाबारा स्लाइस झाल्या की उरलेला ठोकळा परत फ्रीझरमध्ये. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हे काम करायचं असेल तर पहाटे करा आणि एसी फुल ठेवा, खोली ४० अंशाची असली की ठोकळ्याची कड बघता बघता ओली होते.

हाताला लोखंडी जाळीचा ग्लोव्ह, डोळ्यांना चष्मा, तोंडाला एन-९५, शेवटचा तुकडा हाताने नाही लाकडी ठोकळ्याने ढकलायचा, आणि करवतीजवळ एका वेळी एकच माणूस, शेजारी उभा राहून कुणी गप्पा मारायच्या नाहीत.

स्लाइसवर जो भुसा चिकटतो तो तिथल्या तिथे काढायचा, स्लाइस गोठलेली असतानाच. गार अॅसिटोनमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने हलकेच पुसा किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. हा भुसा राहिला तर रेझिनमध्ये कायमचा धुक्यासारखा दिसतो आणि मुलं त्याला फॅसिया, म्हणजे स्नायूंवरचं पातळ आवरण, समजतात. कंटाळवाणं काम आहे पण नवीन माणसाच्या आणि जुन्या माणसाच्या स्लाइसमधला फरक मला तरी बहुतेक इथेच दिसतो.

मग प्रत्येक स्लाइस प्लास्टिकच्या जाळीवर, दोन जाळ्यांच्या मध्ये एक, असा थर लावून बास्केटमध्ये. नंबर कशाने घालायचा? मार्कर पेन नको, अॅसिटोनमध्ये शाई धुऊन जाते. जाड कागदावर पेन्सिलने लिहा किंवा स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्या. वरची बाजू कुठली हेही त्याच वेळी ठरवा, सगळ्या स्लाइस एकाच बाजूने ठेवा, आणि आडव्या कटात सीटीसारखं पायाकडून बघतोय असं धरा म्हणजे नंतर डावं-उजवं उलटं होणार नाही.

अॅसिटोन

इथे सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण जीव जायचा धोकाही इथेच आणि स्लाइस बिघडायचाही इथेच.

गोठलेली स्लाइस सरळ मायनस २५ अंशाच्या अॅसिटोनमध्ये टाकायची. त्या थंडीत बर्फ हळूहळू अॅसिटोनमध्ये विरघळतो, त्याची जागा अॅसिटोन घेतं आणि टिश्यूचा आकार फारसा बदलत नाही. तेच खोलीच्या तापमानाला केलं तर टिश्यू आक्रसतं. एक किलो टिश्यूला किमान दहा लिटर अॅसिटोन धरा. दोन-तीन दिवसांनी बदलायचं, साधारण तीन बाथ, म्हणजे तीन वेळा ताजं अॅसिटोन, लागतात, पण दिवस मोजू नका, शुद्धता मोजा. त्यासाठी अॅसिटोनोमीटर मिळतो, हायड्रोमीटरचाच प्रकार. तो २० अंशाला कॅलिब्रेट केलेला असतो म्हणून बाथमधून थोडं अॅसिटोन काढून बंद बाटलीत २० अंशापर्यंत येऊ द्या आणि मग मोजा. गार अॅसिटोन जड असतं, तसंच मोजलंत तर आहे त्यापेक्षा जास्त पाणी दाखवेल. बाटलीचं झाकण उघडं ठेवलं तर अॅसिटोन हवेतलं पाणी ओढून घेतं, कोकणात पावसाळ्यात तर नक्कीच. शेवटच्या बाथची शुद्धता ९९ टक्क्यांच्या वर गेली आणि दोन-तीन दिवस तिथेच टिकली तर पाणी गेलं असं समजायचं. ९८ आली, चालतंय, असं म्हणू नका, तेच एक-दोन टक्के नंतर पांढरे डाग होऊन बसतात.

वापरलेलं अॅसिटोन फेकायचं नाही. नव्वदीच्या आसपास असेल तर पुढच्या बॅचच्या पहिल्या बाथला चालतं. त्याखालचं लोखंडी झाकणाच्या ड्रममध्ये साठवून डिस्टिलेशनला किंवा अधिकृत वेस्ट उचलणाऱ्याला द्या. ड्रेनेजमध्ये कधीच नाही.

आता सुरक्षा. अॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते तो, शून्याच्या खाली जवळपास २० अंश आहे, म्हणजे फ्रीझरमध्येसुद्धा त्याची वाफ पेट घेण्याच्या जवळ असते. घरगुती डीप फ्रीझरमध्ये आत दिवा, थर्मोस्टॅट, कधी पंखा असतो, त्याची एक ठिणगी आणि झाकणाखाली साठलेली वाफ, स्फोट होतो. म्हणून आतून ठिणगी न पडणारा, ज्याची सगळी इलेक्ट्रिकल जोडणी आणि कॉम्प्रेसर बाहेर आहे असाच फ्रीझर. बजेट नाही म्हणून दुकानातला आइसक्रीमचा फ्रीझर आणायची कल्पना कुणी काढली तर स्पष्ट नाही म्हणा, मग ते सर असोत की डीन. अॅसिटोनची वाफ हवेपेक्षा साधारण दुप्पट जड, ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे एक्झॉस्ट फॅन छताला लावून उपयोग नाही, तो खाली पाहिजे आणि त्याची मोटर स्पार्कप्रूफ पाहिजे. मोबाइल बाहेर. अग्निशामक यंत्र हाताशी आणि ते चालवता येणारा माणूसही.

चरबी काढणं

पाणी गेल्यावर तेच बास्केट खोलीच्या तापमानाच्या ताज्या अॅसिटोनमध्ये. अॅसिटोन पिवळं होत जातं, ती चरबी. बदलत राहा, पिवळं यायचं थांबेपर्यंत. किडनीला चार-पाच दिवस पुरतात, मांडीला किंवा पेल्विसला आठवडेही लागतात, आणि हाडातल्या मज्जेची चरबी सगळ्यात हट्टी. पाणी आधीच गेलेलं असल्यामुळे आता आक्रसण्याची भीती कमी.

बरेच लोक इथे मिथिलीन क्लोराइड वापरतात, आठवड्याभरात चरबी ओढतं आणि स्लाइस जास्त पारदर्शक होतात हे खरं. पण शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, कॅन्सरचा संशय आहे, साध्या लॅटेक्स ग्लोव्हजमधून ते मिनिटांत आरपार जातं, आणि उकळतं ४० अंशाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात एसी बंद पडला तर ते भांड्यातच उकळायला लागेल. फ्यूम हूड, म्हणजे वाफ ओढून बाहेर टाकणारं बंदिस्त कपाट, नसेल तर वापरू नका, अॅसिटोनवरच जास्त दिवस काढा. माझं मत विचाराल तर नवीन लॅबने पहिली एक-दोन वर्षं अॅसिटोनवरच काढावीत.

व्हॅक्यूम

रेझिन टिश्यूत आपोआप शिरत नाही. स्लाइसेस रेझिनमध्ये बुडवायच्या, भांडं व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवायचं, दाब हळूहळू कमी करायचा, अॅसिटोनची वाफ होऊन टिश्यूतून बुडबुडे निघतात आणि रिकामी जागा रेझिन ओढून घेते. २० अंशाला अॅसिटोन साधारण १८५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला उकळतं, म्हणून तिथपर्यंत फारसं काही दिसत नाही आणि त्याच्या आसपास अचानक बुडबुडे सुरू होतात. नवीन माणूस इथे घाबरतो किंवा उत्साहात पंप पूर्ण उघडतो. दोन्ही नको. बुडबुडे छोटे, सावकाश, सगळीकडून सारखे येत राहतील असा व्हॉल्व्ह ठेवा. फेस वर चढायला लागला की थोडी हवा आत सोडा. दाब फार पटकन उतरवला तर अॅसिटोन निघून जातं पण घट्ट रेझिन तेवढ्या वेगाने आत जाऊ शकत नाही आणि टिश्यू आक्रसतं. शेवटी ५ मिलिमीटरच्या खाली येऊन बुडबुडे जवळपास थांबले की झालं.

ई-१२ ला हार्डनर मिसळलेला असतो म्हणून घड्याळ चालू असतं, साधारण एका दिवसात इम्प्रेग्नेशन, म्हणजे रेझिन आत शिरवणं, संपवायला हवं. ई-१ हार्डनर घेतलात तर नेहमीचं प्रमाण वजनाने १०० ला २८, पण तुमच्या डब्याबरोबर जो कागद आला असेल तोच अंतिम. मोजताना वजनकाटाच वापरा, अंदाज नको. खोली जितकी गरम तितकं ते लवकर घट्ट होणार, त्यामुळे आपल्याकडे एसी किंवा त्याहून गार जागा लागतेच. उरलेलं मिश्रण बादलीत तसंच ठेवू नका, मोठ्या प्रमाणात ते स्वतःच तापतं, धूर येतो, उथळ ट्रेमध्ये पसरवून ठेवा.

दुकानात टेबल आणि दागिन्यांसाठी मिळणारं आर्ट रेझिन चालेल का, हे हमखास विचारतात. जर्मनीहून मागवण्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणून. त्यातलं बरंचसं घट्ट असतं आणि टिश्यूत शिरत नाही. लोकल इपॉक्सी घ्यायचंच असेल तर कमी व्हिस्कॉसिटीचं, घट्ट व्हायला जास्त वेळ घेणारं घ्या आणि आधी बकऱ्याच्या किडनीवर बघा.

अॅसिटोनमधून रेझिनमध्ये नेताना स्लाइस हवेत रेंगाळू देऊ नका, वरचं अॅसिटोन उडालं की तो भाग पांढरा पडतो आणि तिथे हवा शिरते. पंपाचं तेल अॅसिटोनने पातळ होतं, वेळोवेळी बदला, आणि पंपाचा धूर खिडकीबाहेर न्या. चेंबरची काच तडकलेली असेल तर त्या दिवशी काम नाही. इपॉक्सी आणि हार्डनर कातडीला लागू देऊ नका, एकदा अॅलर्जी झाली की ती आयुष्यभर राहू शकते आणि मग या कामातून बाहेर पडावं लागतं.

काचेत बसवणं

दोन काचा, कडेने लवचिक रबरी नळी, आणि बाहेरून बाइंडर क्लिप, असा तीन बाजू बंद आणि वरून उघडा असा कप्पा करायचा. आतली जागा स्लाइसच्या जाडीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त. इपॉक्सी काचेला घट्ट चिकटतं म्हणून आतून पॉलिस्टरची पारदर्शक शीट लावा किंवा रिलीज वॅक्स. ताजं रेझिन मिसळा, आधी थोडा वेळ व्हॅक्यूममध्ये ठेवून त्यातली हवा काढा, कप्प्यात ओता, स्लाइस सरकवा. मग एक मिलिमीटरची स्टीलची तार घेऊन एक एक बुडबुडा वर काढा. उजेड मागून ठेवला की दिसतात. स्लाइसच्या खालच्या कडेला आणि हाडाच्या पोकळीत हमखास लपलेले असतात, तिथे दोनदा बघा.

नंतर कप्पा थोडा तिरका, १५ अंशाच्या आसपास, ठेवून रेझिन जेलसारखं होऊ द्या आणि मग ४५ अंशाच्या ओव्हनमध्ये चार-पाच दिवस. घाई म्हणून तापमान वाढवलं तर पिवळेपणा येतो.

मेंदूची गोष्ट वेगळी

मेंदूत चरबी काढायची नाही. ग्रे आणि व्हाइट मॅटरमधला फरक दिसतो तो मायलिनमधल्या (नर्व्हच्या तंतूंवरच्या आवरणातल्या) चरबीमुळे, ती गेली तर बघायला काही उरत नाही, आणि वर मेंदू गरम अॅसिटोनमध्ये भयंकर आक्रसतो. म्हणून इथे सगळं थंडीत.

नीट फिक्स झालेला मेंदू घ्या, बकऱ्याच्या भेज्याला फॉर्मॅलिनमध्ये दोन-तीन आठवडे द्या. गोठवायची गरज नाही, लांब धारदार सुरीने किंवा मांस कापायच्या स्लायसरवर ४ मिलिमीटरच्या चकत्या करा. रात्रभर थंड पाण्यात धुवा, मग ५ अंशाच्या पाण्यात गार करा, खोलीच्या तापमानातून थेट मायनस २५ च्या अॅसिटोनमध्ये टाकलं तर बर्फाचे स्फटिक होऊन टिश्यू फाटतं. दोन-तीन बाथ, प्रत्येकी एक-दोन दिवस, आणि तिथून सरळ पी-४० मध्ये, फ्रीझरमध्येच आणि अंधारात. पॉलिस्टर अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने घट्ट होतं म्हणून खिडकीचा उजेडसुद्धा नको. व्हॅक्यूमही थंडीतच, तिथे अॅसिटोन फार कमी दाबाला उकळतं, मायनस १५ ला साधारण ३० मिलिमीटरला, त्यामुळे बुडबुडे उशिरा सुरू होतात, वाट बघा. १० मिलिमीटरच्या आसपास उतरून बुडबुडे थांबले की काचेच्या कप्प्यात बसवा आणि दोन्ही बाजूंनी यूव्ही-ए लॅम्प लावा, लॅम्पच्या ताकदीप्रमाणे पाऊण तासापासून काही तासांपर्यंत. घट्ट होताना पॉलिस्टर तापतं आणि तापलं की तडकतं, म्हणून दोन्ही बाजूंनी पंखा सोडा. गच्चीवर उन्हात ठेवायचा मोह होईल, तो टाळा, ऊन गरमही करतं. पॉलिस्टरमधल्या स्टायरीनचा वास डोक्यात जातो, एक्झॉस्ट चालू ठेवा.

रिसर्चवाल्यांसाठी थोडं

इपॉक्सी स्लाइसमध्ये हाड कॅल्शियम न काढता आणि मऊ टिश्यू न हलवता एकत्र राहतं, डिसेक्शनमध्ये फॅसिया उचलताच त्याचं नातं तुटतं, ते इथे तुटत नाही. म्हणून पेल्विक फ्लोअर, मणक्याच्या आसपासची लिगामेंट्स, मानेतले फॅसियाचे थर असल्या वादाच्या जागांसाठी ही पद्धत खूप वापरली जाते. आणखी पातळ हवं असेल तर आधी अख्खा ठोकळा रेझिनने भरून कडक करतात आणि मग डायमंड वायर सॉने मिलिमीटरच्या आतल्या स्लाइस काढतात, त्या कन्फोकल मायक्रोस्कोपखालीही बघता येतात. मोजमाप छापणार असाल तर तीच स्लाइस गोठलेली असताना आणि शेवटी, दोन्ही वेळा पट्टी ठेवून स्कॅन करा म्हणजे आक्रसणं किती झालं ते आकड्यात सांगता येईल. इंटरनॅशनल सोसायटी फॉर प्लास्टिनेशन १९८६ पासून आहे, तिचं जर्नलही आहे, त्यातले जुने अंक चाळा, लोकांनी बारीकसारीक अडचणी लिहून ठेवल्यात.

कापून, घासून, ठेवून

ओव्हनमधून काढून पूर्ण गार झाल्यावर काच सोडवा. कडा बँड सॉने सरळ करा, कोपरे गोल करा, सँडपेपरने घासा, आणि तेव्हाही मास्क, कारण रेझिनची धूळ फुप्फुसाला चांगली नाही. नंबर आता कोपऱ्यात कोरून घाला, स्टिकर हाताळून निघून जातो.

इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं त्यामुळे स्लाइस खिडकीशेजारच्या शोकेसमध्ये नको. उभ्या खाचांच्या लाकडी खोक्यात, मधे मऊ कापड, अशा ठेवा. शिकवताना जुना एक्स-रे बघायचा व्ह्यू बॉक्स आणि शेजारी त्याच पातळीचा सीटी, मुलांना आधी स्लाइसवर बोट ठेवून नाव सांगू द्या आणि मग तेच सीटीवर शोधू द्या. स्लाइस पुसायला ओला मऊ कपडा पुरतो, स्पिरिट किंवा अॅसिटोन लावू नका, पृष्ठभाग धुरकट होतो. आणि प्रत्येक बॅचची वही ठेवा, अॅसिटोनच्या शुद्धतेचे आकडे, दाब, खोलीचं तापमान, रेझिनचा बॅच नंबर, म्हणजे कुठल्या स्लाइसवर डाग आला तर मागे जाऊन कुठल्या दिवशी काय झालं होतं ते शोधता येईल.